कुठलं पासिंग?

मराठी माणूस रस्त्यावरची गाडी मागून वाचतो. मॉडेल, रंग, किंमत या गोष्टी नंतर; आधी पाटी. एक्स्प्रेस वेवर कुणी डावीकडून सुळकन कट मारून गेलं की गाडीत एकच पृच्छा होते, ‘कुठलं पासिंग?’ उत्तर आलं की प्रकरण मिटतं. एमएच १२ निघाली तर ‘वाटलंच.’ एमएच १४ निघाली तर गाडीतला पुणेकर घाईघाईनं खुलासा करतो, की ते पिंपरी-चिंचवड, आमचा संबंध नाही. एमएच ०९ असेल तर ‘कोल्हापूरकर आहे, जाऊ दे पुढं.’ आणि एमएच ४२ दिसली की बारामतीचं नाव निघतं, विषय राजकारणावर जातो आणि कट मारणारा लोणावळा गाठेपर्यंत विस्मरणात गेलेला असतो. त्यानं कट का मारला, याचा विचार कुणी करत नाही. पासिंग कळलं म्हणजे माणूस कळला.

ही विद्या आपल्याला फुकट मिळाली, म्हणून तिचं मोल वाटत नाही. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात उन्हाळ्यात जाऊन उभं राहावं. तिथं बारा ते बावीस वयाची पोरं हीच विद्या मिळवण्यासाठी भारी कॅमेरे घेऊन फुटपाथवर अक्षरशः पालथी पडलेली असतात. पालथी अशासाठी, की सुपरकारचा फोटो जमिनीलगत काढला तरच ती रुबाबदार दिसते. उभं राहून काढला तर तिचं फक्त टप दिसतं, कारण गाडीची उंची चार फुटांच्या आत.

या गाड्या तिथं जमण्याचं कारण साधं आहे. जुलै-ऑगस्टात आखाती देशांत पारा पंचेचाळिशीच्या पुढे सरकतो आणि तिथली धनिक मंडळी लंडनला येतात. आपण परगावी जाताना चपलांचा एक जोड जादा घेतो, तशी ती गाडी घेतात. ती समुद्रानं आली तर मोसम संपेल, म्हणून विमानाच्या पोटात घालून आणतात. ब्रिटनचा कायदा म्हणतो, पाहुण्यानं आणलेली गाडी वर्षात सहा महिन्यांपर्यंत इथं पुन्हा नोंदवायची गरज नाही. त्यामुळे गाडी येते ती आपल्या गावची पाटी मिरवतच. हॅरॉड्स या दुकानासमोरचा ब्रॉम्प्टन रोड, शेजारची स्लोन स्ट्रीट आणि पार्क लेनवरच्या हॉटेलांचे दरवाजे एवढा परिसर दोन महिने कतार, कुवेत, सौदी, अबू धाबी, दुबई या पासिंगांनी भरून जातो.

हे सगळं मी पाहिलं ते आमच्या मेहुण्यांसोबत. मेहुणे आरटीओतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत इतक्या बदल्या झाल्या, की त्यांना जिल्हे नावानं आठवत नाहीत. ‘धाकटीचा जन्म अकराचा, थोरलीचं लग्न दहाला केलं’ असं ते म्हणतात. आपण सातारा आणि सांगली समजायचं. मुलगी लंडनला असते. तिच्याकडे आम्ही गेलो, तेव्हा राजवाडा, म्युझियम, नदी यांतलं काही त्यांना भावलं नाही. पहारेकऱ्यांची अदलाबदल पाहून ते एवढंच म्हणाले, ‘चार्ज द्यायला एवढा वेळ लागतो होय?’ मग त्यांच्या तेरा वर्षांच्या नातवानं आम्हाला नाइट्सब्रिजला नेलं.

नातू या क्षेत्रातला जाणता. त्याच्या लेखी रस्त्यावरच्या गाड्यांची एक कडक वर्णव्यवस्था आहे. रेंज रोव्हरकडे बघणंसुद्धा कमीपणाचं. साधी पोर्शे, बेंटली येऊन गेली तर कॅमेरा वर होत नाही. फेरारी आली तर कुठली, ते विचारायचं. खरी धावपळ होते ती बुगाटी, पगानी, कोनिगसेग या नावांना. आम्ही पोचलो तेव्हा एक पिवळीजर्द लॅम्बोर्गिनी आवाज करत गेली. मी हरखलो. नातू म्हणाला, ‘लोकल प्लेट आहे. भाड्याची असेल.’ त्या एका वाक्यानं ती गाडी माझ्या नजरेतून उतरली. पैसे देऊन कुणीही तासाभरासाठी आणू शकतो, तिला कशाला मान द्यायचा? पण तीच गाडी, त्याच रंगाची, मागं अरबी आकडे असलेली आली, की ती हजारो मैलांवरून निघाली, विमानात बसली आणि दुकानात अत्तर घेण्यासाठी इथवर आली, हे पाटी सांगते. गाडी फक्त किंमत सांगते. पाटी हट्ट सांगते.

मेहुण्यांचं लक्ष आधी स्थानिक पाट्यांकडे गेलं. ब्रिटनमध्ये पुढची पाटी पांढरी आणि मागची पिवळी असते. हे पाहून ते अस्वस्थ झाले. ‘पुढून प्रायव्हेट आणि मागून टॅक्सी? मग टॅक्स कुठला लावायचा?’ नातवानं समजावलं, की इथं सगळ्यांचंच तसं असतं. २००१ पासून चालू असलेली पद्धतही त्यानं सांगितली: पहिली दोन अक्षरं विभागाची, मग दोन आकडे गाडीच्या वयाचे, मग तीन अक्षरं. मार्च २०२४ मध्ये नोंदली तर २४, सप्टेंबरमध्ये नोंदली तर त्यात पन्नास मिळवून ७४. मेहुण्यांना हे आवडलं. गाडीचं वय तिच्या पाठीवर छापलेलं, म्हणजे जुन्या बाजारात ‘दादा, एकोणीसचंच मॉडेल आहे’ असं म्हणायची सोय नाही. आणखी एक गोष्ट त्यांना फार पटली. ज्या गाडीचं वय किंवा कूळ नक्की ठरत नाही, तिला तिथं ‘क्यू’ अक्षराची पाटी देतात. ‘आपल्याकडं असं केलं असतं तर निम्मा जिल्हा क्यू झाला असता,’ असं त्यांचं मत पडलं.

पण परीक्षा सुरू झाली अरबी पाट्यांपासून. पोरांचं खरं कसब इथं लागतं. कतारची पाटी ओळखायला सोपी. डाव्या अंगाला त्यांच्या झेंड्याचा करवतकाठी किरमिजी रंग असतो आणि पुढं आकडे. बहरीनच्या झेंड्यालाही करवतकाठ, पण तिथला रंग लाल, म्हणून नवशिके फसतात. सौदीची पाटी म्हणजे चार खणांची मांडणी, वर अरबी आकडे आणि अक्षरं, खाली तेच रोमनमध्ये, कडेला खजुराचं झाड आणि दोन तलवारी. त्यासाठी अरबी वर्णमालेतली फक्त १७ अक्षरं वापरतात. अमिरातीत प्रत्येक अमिरातीची पाटी निराळी. दुबईच्या पाटीवर अक्षराचा संकेत, तर अबू धाबीच्या पाटीवर अक्षराच्या जागी आकडा. हे कळल्यावर मेहुणे खुलले. त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ‘म्हणजे दुबई बाराची आणि अबू धाबी चौदाची,’ असा निवाडा त्यांनी दिला. अबू धाबी ही राजधानी आहे, हे मी सांगितलं, पण वेळ गेली होती.

अरबी आकड्यांनी मात्र त्यांना घाम फोडला. त्यांच्यात पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा हा इंग्रजी साताच्या वळणाचा. सात म्हणजे इंग्रजी ‘व्ही’, आणि तोच उलटा केला की आठ. मेहुण्यांनी एका पांढऱ्या रोल्स रॉइसचा नंबर ‘सात शून्य शून्य’ असा वाचला. नातवानं शांतपणे ‘सहा पाच पाच’ अशी दुरुस्ती केली. मेहुणे काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मराठी एक लिहिला तर ह्यांच्या पोलिसाला तो नऊ दिसंल. आमची पोरं पाट्या मराठीत लिहीत होती तेव्हा आम्ही दंड करायचो. आता कळलं का करायचो.’ नोकरीभर बजावलेल्या एका नियमाचं कारण त्यांना निवृत्तीनंतर लंडनमध्ये उमगलं होतं.

तेवढ्यात एक मॅकलारेन आली, पुढची पाटी पिवळी. मेहुण्यांनी तत्काळ ‘टूरिस्ट परमिट’ असं जाहीर केलं. ओमानमध्ये खासगी गाडीची पाटी पिवळी असते. लंडनमध्ये पिवळी पाटी फक्त मागं असते, त्यामुळे पुढून पिवळी दिसली की पोरं ‘ओमान!’ म्हणून ओरडतात आणि रस्ता ओलांडून धावतात. महाराष्ट्रात पिवळ्या पाटीसाठी कुणी धावलं, तर ते रात्रीच्या वेळी रिकामी टॅक्सी दिसली म्हणून.

आखाती पाटीवर देश वाचून झाला, की पुढं मोजायचे असतात आकडे, आणि ते जितके कमी तितका मालक मोठा. सहा आकडे म्हणजे सामान्य रयत. तीन आकडे असले की हॉटेलचा दरवान आपोआप ताठ होतो. एकेरी आकडा असला तर पोरं श्वास रोखतात. २००८ साली अबू धाबीत ‘१’ हा नंबर लिलावात ५ कोटी २२ लाख दिरहमला गेला. २०१६ मध्ये दुबईतल्या एका भारतीय व्यावसायिकानं ‘डी ५’ साठी ३ कोटी ३० लाख दिरहम मोजले. २०२३ मध्ये ‘पी ७’ साडेपाच कोटी दिरहमला विकला गेला आणि विक्रम झाला. रुपयांत सव्वाशे कोटींच्या आसपास. तो लिलाव गरिबांना जेवण देण्याच्या मोहिमेसाठी होता, म्हणून त्याला नावं ठेवायचीही सोय नाही.

हे आकडे ऐकून मेहुणे गंभीर झाले. महाराष्ट्रात ‘०००१’ साठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत २०२४ पासून चारचाकीला सहा लाख शुल्क आहे. ‘सहा लाखाला लोक भांडतात. वशिले आणतात. आमदाराची चिठ्ठी आणतात,’ असं ते हळहळून म्हणाले. साडेपाच कोटी दिरहमची पावती फाडणाऱ्या त्या कारकुनाचा हात कसा थरथरला असेल, यावर ते बराच वेळ विचार करत होते.

ब्रिटिशही या रोगातून सुटलेले नाहीत. २०१४ साली ‘२५ ओ’ ही पाटी कर आणि फीसकट ५ लाख १८ हजार पौंडांना विकली गेली. घेणाऱ्याकडे फेरारी २५० होती, आणि ‘ओ’ हे अक्षर शून्यासारखं दिसतं, एवढाच त्यातला मुद्दा. आमच्या मेहुण्यांना यात काही नवल वाटलं नाही. ज्यानं आयुष्यभर ८०५५ ला ‘बॉस’, २१४ ला ‘राम’, ४१४१ ला ‘दादा’ आणि ४९१२ ला ‘पवार’ केलेल्या पाट्या जप्त केल्या, त्याला ‘ओ’चा शून्य म्हणजे बालवाडी. फक्त एका गोष्टीचा त्यांना हेवा वाटला. ब्रिटनमध्ये पाटीवरची अक्षरं जवळ-दूर सरकवून भलताच शब्द केला, तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आणि लोक तो भरतात?’ त्यांनी विचारलं.

दुपारी जरा मंदी होती, तेव्हा नातवानं युरोपचा अभ्यासक्रम घेतला. जर्मनीची पाटी मेहुण्यांना सर्वांत पसंत पडली, कारण तिथं सुरुवातीलाच गावाचं अक्षर असतं. ‘एस’ म्हणजे स्टुटगार्ट, तिथं पोर्शे आणि मर्सिडीज. ‘आयएन’ म्हणजे इंगोलश्टाट, तिथं ऑडी. अशा पाटीची, अंगावर काळी-पांढरी वेटोळी छापलेली गाडी दिसली, की कंपनी नवं मॉडेल चोरून तपासते आहे असं समजायचं. इटलीत मारानेल्लो आणि सांतागाता या फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या गावांत अशा गाड्या चाचणीच्या खास पाट्या लावून हिंडतात. मोनॅकोची पाटी आखूड, निळ्या अक्षरांची. देशच दोन चौरस किलोमीटरचा, पाटी मोठी करून गाडी वळवायची कुठं?

पण स्वित्झर्लंडनं घात केला. तिथं पाटी गाडीची नसते, माणसाची असते. एवढंच नाही, तर दोन गाड्यांना मिळून एकच नंबर घेता येतो. जी रस्त्यावर न्यायची तिला पाट्या लावायच्या आणि दुसरी घरी उघडी ठेवायची. हे ऐकून मेहुणे फुटपाथवरच थांबले. ‘एका नंबरवर दोन गाड्या? सरकारमान्य?’ नातू म्हणाला, हो. ‘आमच्याकडं याला गुन्हा म्हणतात. मी तिघांना आत घातलंय.’ आता त्या तिघांना स्विस नागरिकत्व मिळवून द्यावं की काय, अशी काहीशी छटा त्यांच्या चेहऱ्यावर होती.

सुपरकारच्या दुर्मिळतेचंही एक शास्त्र आहे आणि ते मूळ व्यापाऱ्याचं आहे. मागणीपेक्षा एक नग कमी बनवायचा. फेरारीनं ‘एन्झो’ ३९९ च बनवायच्या ठरवल्या. चारशेवी पोप जॉन पॉल दुसरे यांना भेट दिली आणि २००५ मध्ये तिचा लिलाव होऊन पैसे त्सुनामीग्रस्तांना गेले. लॅम्बोर्गिनीची ‘वेनेनो’ कूपे तीनच गिऱ्हाइकांना मिळाली. बुगाटीची व्हेरॉन २००५ साली ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे धावून दाखवायची. आम्ही पाहिली ती ब्रॉम्प्टन रोडवर, ७४ नंबरच्या बसमागं, माणसाच्या चालीनं. या भागात वेगमर्यादा ताशी २० मैल. इंजिनात हजार घोडे, आणि पुढं डबल डेकरमध्ये म्हाताऱ्या बायका उतरण्यासाठी हळूहळू जिना उतरत आहेत.

स्थानिक रहिवासी मात्र पिचलेले आहेत. रात्री दोनला रिकाम्या रस्त्यावर इंजिनं गर्जतात, म्हणून २०१५ मध्ये केन्सिंग्टन आणि चेल्सी नगरपालिकेनं खास आदेश काढून उगाच गुरगुरणं, शर्यती आणि गाणी यांवर दंड बसवला. पुढं आवाज मोजणारे कॅमेरेही बसवले. पार्किंगच्या दंडाची गोष्ट आणखी मजेची. २०१० च्या जुलैत हॅरॉड्ससमोर एक कोनिगसेग आणि एक लॅम्बोर्गिनी, दोन्ही फिक्या निळ्या, दोन्ही कतारच्या राजघराण्यातल्या, चाकांना कुलपं घालून उभ्या केल्या गेल्या. त्याच्या दोन महिने आधी हॅरॉड्सच कतारच्या सरकारी कंपनीनं विकत घेतलं होतं. म्हणजे स्वतःच्या दुकानासमोर गाडी लावली आणि जॅमर बसला. ही हकीकत मेहुण्यांनी माझ्याकडून दोनदा सांगून घेतली. २०१६ च्या वसंतात सौदी पाट्यांच्या सोनेरी गाड्यांचा ताफा आला, तर त्यांच्याही काचांवर दंडाच्या चिठ्ठ्या चिकटल्या. चिठ्ठी लावणं सोपं, वसुली अवघड. परदेशी पाटीचा मालक कोण, हे पालिकेनं विचारायचं कुणाला? ‘नाक्यावर धरायचं,’ मेहुणे म्हणाले. विमानतळाला ते नाका म्हणतात.

आपल्याकडेही हा छंद रुजला आहे. मुंबईत रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह आणि वरळीला कॅमेरेवाली पोरं उभी असतात. मात्र तिथं पाटी वाचण्याचं कारण वेगळं. आयात कराने गाडीची किंमत दुप्पट होते, वर महाराष्ट्राचा रस्ता कर. तेव्हा कोट्यवधींची गाडी मलबार हिलवर राहते आणि पाटी पुदुच्चेरीची किंवा झारखंडची असते. मालकानं ते गाव नकाशातही पाहिलेलं नसतं. अधूनमधून दुबई पासिंगची गाडी दिसते. ती ‘कार्ने’वर, म्हणजे गाडीच्या पासपोर्टवर, कर न भरता सहा महिन्यांसाठी आलेली असते. मेहुण्यांनी अशा एका गाडीची कागदपत्रं एकदा तपासली होती. सगळी बरोबर निघाली. ते दुःख त्यांना अजून आहे.

संध्याकाळी हॉटेलच्या दाराशी कतार पासिंगची एक काळी रोल्स रॉइस कलिनन उभी होती, चार आकडी. शेजारी ड्रायव्हर टाय सैल करून उभा. मेहुण्यांनी हिंदीत विचारलं, ‘गाडी किसकी है भाई?’ त्यानं त्यांच्या हिंदीकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, ‘तुम्ही कुठचे?’ तो रत्नागिरी जिल्ह्यातला, खेडजवळचा. गेली कैक वर्षं दोह्याला. मालक उन्हाळ्यात इकडे आले की गाडी आणि तो, दोघंही विमानानं येतात. मेहुणे काय करत होते, हे कळताच त्याचा चेहरा उजळला.

‘साहेब, माझ्या भावानं ठाण्याहून जुनी पिकअप घेतलीय. शून्य चारची. अजून नावावर होत नाही. विकणारा सहीला भेटत नाही.’

‘एनओसी काढली का? अठ्ठावीस नंबरचा फॉर्म.’

‘ते काय असतं?’

मेहुण्यांनी खिशातून पेन काढलं. लंडनला आल्यापासून ते पहिल्यांदाच बाहेर येत होतं. हॉटेलच्या दरवानाकडून कागद मागून घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवणार, तेवढ्यात ड्रायव्हर कळवळून म्हणाला, ‘साहेब, तिथं नको, ओरखडा पडंल.’ मग कागद माझ्या पाठीवर आला. मागं पोरांचा एकच गलका झाला, कॅमेरे धावले, कुठलीशी पगानी कोपऱ्यावरून वळत होती. नातू ओरडला, ‘आजोबा, लवकर! कुवेत प्लेट!’

‘थांब रे,’ मेहुणे म्हणाले. ‘हं, लिहून घ्या. एकोणतीस आणि तीस. दोन्हीवर त्याच्या सह्या. आणि चेसिस नंबरचा पेन्सिलीनं छाप काढायला विसरू नका.’